गयाअक्का आणि नळाची आळी

अक्का, तुझ्या तेराव्याला सरपंच बोलायला उभे राहिले. म्हणाले, गयाबाई म्हणजे गरीब गाय. कधी कुणाला उलटून बोलली नाही, कधी आवाज चढवला नाही, मान खाली घालून गावाची सेवा केली. मग वरच्या ऑफिसातून आलेल्या साहेबांनी माइक हातात घेतला आणि तुला 'सोशिक' म्हटलं. एकदा नाही, तीनदा. मी बायकांत बसले होते. तिसऱ्यांदा तो शब्द ऐकला आणि उठले, चपला शोधल्या, मंडपाबाहेर आले. लोकांना वाटलं, लॅबवाल्या मॅडमला रडू आवरेना. रडू नव्हतं ते, अक्का. राग होता.

तू सोशिक नव्हतीस. बोरदऱ्यात कुणी सोसायचं नाकारलं असेल तर ते तू. आणि ज्यांच्याशी तू भांडलीस त्यांनीच तुला आता हार घालून गप्प बसवायचं, हे मला पटणार नाही. तू असतीस तर तिथंच बोलली असतीस. तू नाहीस, म्हणून मी लिहितेय.

तू पहिल्यांदा माझ्यासमोर आलीस तेव्हा मला आरोग्य केंद्रात रुजू होऊन महिनाही झाला नव्हता. मी आष्टीकडची, दुष्काळातच वाढलेली, तरी बालाघाटाच्या या बाजूला कधी आले नव्हते. लॅब म्हणजे एक खोली, एक मायक्रोस्कोप, मलेरियाच्या काचपट्ट्या आणि हिमोग्लोबिन. तू आशाताईंचा तो साडीचा गणवेश नेसून आत आलीस आणि पिशवीतून झाकणाच्या तीन डब्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्यास. वासावरून मला कळलं आत काय आहे. मी म्हटलं, डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

तू म्हणालीस, "चिठ्ठी आणाया गेलते. दागदर म्हणले पोराला घेऊन ये. पोराची माय खुरपायला गेलीया. मी पोराला आणू का तपासायचं ते आणू?"

चार किलोमीटर तू चालत आली होतीस, कारण बस चुकली होती आणि नमुना ताजा हवा हे तुला कुठल्याशा प्रशिक्षणात सांगितलेलं आठवत होतं. मी तोंड वाकडं करत का होईना, काचपट्टी घेतली, सलाइनचा एक थेंब टाकला आणि डोळा लावला. पहिल्या डबीत काही नाही. दुसऱ्या डबीत ते दिसलं. झाडावरून पान गळताना गिरक्या घेतं तसं हलत होतं. पुस्तकातल्या चित्रात पाहिलेलं, प्रत्यक्षात पहिल्यांदाच. तुला म्हटलं, बघ. तू पदर खोचून वाकलीस, बराच वेळ बघितलंस आणि म्हणालीस, "दोन डोळे हाईत की याला. आपल्याकडंच बघतंय."

जिआर्डिया, मी नाव सांगितलं. पाण्यातून पोटात जातं, आतड्याला चिकटून बसतं. जुलाब होतात, थांबतात, परत होतात. पोर मरत नाही, पण अंगी काही लागत नाही. तू नाव परत विचारलंस आणि वहीत लिहून घेतलंस, 'जारडिया'. ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. मी कधी दुरुस्त केलं नाही.

मग तू ती वही माझ्यापुढं सरकवलीस. बोरदऱ्यातली घरं, घरातली लहान लेकरं, कुणाला किती दिवसांपासून जुलाब, आणि शेवटच्या रकान्यात एकच अक्षर. न, हा किंवा वि. नळ, हापसा, विहीर. कुणी सांगितलं नव्हतं तुला हे करायला. आमच्या छापील फॉर्ममध्ये जुलाबाचे रुग्ण किती एवढंच विचारतात, पाणी कुठलं हे कुणी विचारत नाही. तू विचारलंस. नळाच्या आळीत घरटी एखादं तरी लेकरू सापडत होतं, हापशाच्या आळीत जवळजवळ कुणीच नाही. "हापशाच्या आळीत कावून न्हाई?" हा तुझा प्रश्न होता. मी कॉलेजात दोन वर्षं शिकले, साथरोग सर्वेक्षण या नावाचा धडा पाठ करून परीक्षा दिली. त्या धड्यात काय म्हणायचं होतं ते मला त्या दिवशी समजलं.

आपलं पहिलं भांडण त्याच वहीवरून झालं. मी म्हटलं, हापशाच्या आळीतही दोन पोरं आजारी आहेत, म्हणजे तुझं गणित चुकलं. तू चिडलीस. म्हणालीस, चुकलं असंल तर चुकलं म्हण, पण आधी बघ तरी. दोन दिवसांनी परत आलीस. त्या दोन्ही लेकरांच्या घरी जाऊन, ती दिवसभर कुठं कुठं असतात ते विचारून आली होतीस. दोघंही अंगणवाडीत जात होती. त्या आळीतली बाकीची लेकरं घरीच असत. आणि अंगणवाडीच्या माठात पाणी भरलं जात होतं ते नळाचं.

तू तेव्हा हसली नाहीस, 'बघ, मी सांगत होते' म्हणाली नाहीस. माठाचं सांगून तशीच उभी राहिलीस. मला म्हणालीस, त्या माठातलं पाणी मीच पाजायची गं पोरांना, पोलिओच्या दिवशी.

त्यानंतरचे दोन-तीन महिने मला आयुष्यभर पुरतील. तू सकाळी डब्या आणायचीस, मी बघायची. मी तुला सांगितलं की एका दिवशी काही दिसलं नाही म्हणजे पोर निर्मळ असं नसतं, तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने लागतात. एका घरी तीनदा जायचं आणि तीनदा हीच वस्तू मागायची. गावानं तुला 'डबेवाली' नाव ठेवलं. पारावरची माणसं तू दिसलीस की नाकाला रुमाल लावायची. तू एकदा तिथं थांबलीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "तुमच्या पोटात काय हाय ते मला ठावं हाय. सांगू का नावानिशी?" पार रिकामा झाला. सरपंचांच्या गरीब गाईची ही गोष्ट, अक्का, मंडपात कुणी सांगितली नाही.

खरं म्हणजे तू कुणाचं नाव कधीच सांगितलं नाहीस. वहीतही घराला नंबर होता. नाव फक्त तुझ्या डोक्यात असायचं.

गावात मात्र सगळ्यांचं एकच म्हणणं, नळाचं पाणी चांगलं आहे. टाकीत जंतू मारायची टीसीएल पावडर रोज पडते. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो, म्हणजे पाणी शुद्ध. कागदोपत्री पिण्यास योग्य. तू मलाच धारेवर धरलंस, पिवळं येतंय तर मग हे कुठून येतंय. मी घरी जाऊन जुनी पुस्तकं काढली. दुसऱ्या दिवशी तुला सांगितलं की हा जीव पाण्यात असतो तेव्हा अंगावर जाड कवच घेऊन असतो. पावडरीच्या नेहमीच्या मात्रेला तो सहज मरत नाही, त्याला वाळूच्या गाळणीत अडवावं लागतं. तलावातून पाणी येतं ते गाळणीतून टाकीत जायला हवं. तू विचारलंस, आपल्याकडं गाळणी हाय का? मी म्हटलं, कागदावर तरी आहे.

मग तू गेलीस बघायला. गाळणीच्या फाटकाला कुलूप होतं. तू कुंपणाच्या तारेखालून आत गेलीस, साडी फाडून घेतलीस. परत आलीस तेव्हा हातात भुईमुगाच्या मूठभर शेंगा होत्या. त्या माझ्या टेबलावर टाकल्यास. गाळणीच्या हौदात वाळू वाळून दगड झाली होती आणि त्यावर कुणीतरी शेंगा वाळत घातल्या होत्या. पाइप बाजूनं वळवून तलावाचं पाणी थेट टाकीत सोडलेलं. किती वर्षं, कुणालाच सांगता येईना.

इथून पुढं जे झालं ते मला लिहायला जड जातंय. पण तुझ्याबद्दल खरं लिहायचं आणि माझ्याबद्दल नाही, असं चालणार नाही.

माझ्या साप्ताहिक अहवालात बोरदऱ्याचे आकडे चढलेले दिसले आणि वरून साहेब आले. तेच, तेराव्याला मंडपात बोललेले. केंद्रात बैठक लावली. आशाताई, सिस्टर, डॉक्टर, मी, सगळे. साहेब ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले की गावाचं, केंद्राचं नाव खराब होतंय. साधे जुलाब असतील तर साधे जुलाब लिहावेत. मोठ्या हौसेनं मायक्रोस्कोपमध्ये काय काय शोधत बसायची गरज नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नमुना घ्यायचा नाही. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला खात्री आहे का, जे बघितलं ते तेच होतं?"

मला खात्री होती. काचपट्ट्या होत्या, वही होती, माझे डोळे होते. अक्का, मी खाली बघितलं. मी म्हणाले, सर, परत तपासून बघते.

तू मागच्या रांगेत होतीस. उठून उभी राहिलीस. "तिला खात्री हाय," म्हणालीस. "मलाबी हाय. म्या सोता बघितलंय. तुमी बी बघा, मशीन आतच हाय, धा पावलांवर."

साहेब म्हणाले, आशांनी आपलं काम करावं. तू म्हणालीस, हेच माझं काम हाय. ते म्हणाले, काम नको असेल तर दुसऱ्या बाया तयार आहेत. तू म्हणालीस, मला काढा. पण काढायचं कारण कागदावर लिवा. 'पोरांचे जुलाब मोजले म्हणून काढली' असं लिवा आणि खाली सही करा.

कुणीच काही लिहिलं नाही. साहेब दहा पावलं चालून मायक्रोस्कोपमध्ये बघायलाही गेले नाहीत. पण त्या दिवसापासून तू माझ्याकडे चहाला थांबायची बंद झालीस. डॉक्टर मनानं बरे होते. त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा सही करून तुझ्याकडे देऊन टाकला, त्यामुळं डब्या येत राहिल्या. तू टेबलावर ठेवायचीस, 'मॅडम' म्हणायचीस आणि जायचीस. त्याआधी 'पोरी' म्हणायला लागली होतीस. मला वाटायचं, थांबवावं, सांगावं, चुकलं माझं. रोज वाटायचं. मी डब्यांवर नंबर टाकत बसायची.

ग्रामसभेचं मला तुझ्याकडून नाही, सिस्टरकडून कळलं, पण मी आले होते. मागं, शाळेच्या भिंतीला टेकून उभी होते. तू बायका जमवल्या होत्यास, नळाच्या आळीतल्या आणि हापशाच्या आळीतल्याही. एवढ्या बाया त्या ग्रामसभेत कधी बसल्या नसतील. कुणीतरी नळाचं पाणी तांब्यात भरून आणलं होतं. म्हणे, सरपंचाला सगळ्यांसमोर प्यायला लावू. टाळ्या पडल्या. तूच तो तांब्या काढून घेतलास आणि ओतून दिलास.

"त्यांनी पिऊन काय व्हायचं?" तू म्हणालीस. "पोट बिघडाया पंधरा दिस लागत्यात. आज ढेकर देतील आन् म्हनतील बगा, काय झालं न्हाई. मला कुणाला पाजायचं न्हाई. मला एवढंच पायजे, त्या फाटकाचं कुलूप काढा. आमी आत बगतो."

सरपंच म्हणाले, किल्ली सापडत नाही. तू म्हणालीस, सापडंस्तवर आमी बसतो. आणि बसलात. दुपारचं ऊन पटांगणावर आलं तरी बसलात. किल्ली त्यांच्याच पुतण्याच्या घरी निघाली. तू बायकांना घेऊन गाळणीकडचा रस्ता चढलीस आणि प्रत्येकीला आत नेऊन हौद दाखवलास. शेंगा तेव्हा नव्हत्या, त्यांची फोलपटं होती. मीही रांगेत होते. हौदाच्या काठावर तू माझा हात धरलास, पाय घसरू नये म्हणून. "सांबाळ, पोरी," म्हणालीस.

गाळणी एका दिवसात झाली नाही. अर्ज, फोटो, पुन्हा अर्ज. तोवर नळाच्या आळीतल्या बायका तुझं ऐकून पाणी उकळत होत्या, सरपणाच्या नावानं बोटं मोडत होत्या. नवी वाळू पडली, पाइप सरळ झाला तेव्हा गावात नारळ फुटला आणि फोटो निघाला. फोटोत तू नाहीस. तू त्या वेळी माझ्या लॅबमध्ये उभी होतीस आणि विचारत होतीस, आता परत कधी मोजायचं?

मी म्हटलं, झालं की आता. तू म्हणालीस, झालं हे कुणी सांगितलं, फोटोनं? आणि पुन्हा डब्या आणायला लागलीस. त्याच घरांतून, तीन-तीनदा. औषध घेऊन बरी झालेली पोरं, मधल्या काळात जन्मलेली पोरं, सगळी. मी एकामागून एक काचपट्टी लावत होते आणि काही दिसत नव्हतं. आयोडीनचा पिवळा उजेड आणि अन्नाचे कण. तू विचारायचीस, "काय?" मी म्हणायची, "काही नाही." तू वहीत खूण करायचीस आणि पुढची डबी सरकवायचीस. शेवटची झाली तेव्हा तू स्टुलावर बसलीस आणि पाणी मागितलंस, नळाचं.

त्या दिवशी तू मला तुझ्या मुलीचं सांगितलंस.

लग्नानंतर तू आठ हंगाम नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलीस. तिसऱ्या हंगामात मुलगी चालायला लागली होती. उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या झोपड्या, कोप्या, पाणी ओढ्याचं. तिला जुलाब लागले, मध्ये थांबले, परत लागले. मुकादम म्हणाला, उद्या जा दवाखान्यात. तो उद्या उजाडायच्या आत पोर गेली. इथं गावात तुझ्या घराच्या नोंदीत कुणी लिहिलं नाही, कारण पोर इथं मेली नव्हती. तिकडं कुणी लिहिलं नाही, कारण ती तिकडची नव्हती. तू मला म्हणालीस, तिचं नाव कुठल्याच कागदावर न्हाई. जन्माच्याबी न्हाई आन् मरणाच्याबी न्हाई. रडली नाहीस. पदरानं स्टूल पुसलंस आणि उठलीस.

त्यातून आपलं दुसरं भांडण सुरू झालं. ते राहूनच गेलं. तू म्हणायचीस, दिवाळीनंतर बोरदऱ्यातली निम्मी घरं बंद होतात, लेकरं सहा महिने तिकडं असतात, आणि आपल्या वहीत त्या सहा महिन्यांत सगळं छान दिसतं. छान न्हाई ते, तू म्हणायचीस, मोकळं हाय. तिकडच्या पोरांचंही आपण लिहायचं. मी म्हणायची, अक्का, ते आपल्या हद्दीत नाही. नमुना येणार कसा, तपासणार कोण, अहवाल जाणार कुठल्या केंद्राच्या नावावर. तू म्हणायचीस, नमुना नगं. फोनवर विचारू. कुणाला पंधरा दिसांच्या वर जुलाब, पाणी कुठलं, एवढंच. मी म्हणायची, सर्वेक्षणात असं चालत नाही. दोन वर्षं मी तुला हेच ऐकवलं. तू एकदा म्हणालीस, तू साहेबासारखं बोलाया लागलीस. मी चिडून दोन दिवस फोन उचलला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला तो सिस्टरचा. तू वडवणीच्या बाजाराला जायला स्टँडवर उभी होतीस आणि तिथंच बसलीस, परत उठली नाहीस. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी माझ्या मोबाईलवर तुझे न उचललेले दोन कॉल बघत बसले होते. त्यात काय सांगायचं होतं ते मला कधीच कळणार नाही. मला काय सांगायचं होतं ते तरी मला ठाऊक आहे. त्या बैठकीत मी खाली बघितलं, अक्का. तू ते पुन्हा कधी काढलं नाहीस. तू माझा हात धरलास आणि मी समजले की मिटलं. पण चुकलं हे मी तोंडानं म्हणायला हवं होतं. आता म्हणतेय, आणि तू ऐकायला नाहीस. ही शिक्षा मला कमीच आहे.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांचा मला फोन आला. आवाजात सहानुभूती. म्हणाले, त्या बाईंचा मोठा उत्साह होता, आता त्या नाहीत, तर बोरदऱ्याचं ते जास्तीचं काम थांबवायला हरकत नाही. मी म्हटलं, हरकत आहे. त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, सर, थांबवायचं असेल तर कारणासह लेखी द्या. हे वाक्य माझं नव्हतं हे त्यांनाही कळलं असणार. लेखी अजून आलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी सारिकाला फोन लावला. तुझ्या बहिणीची सारिका, तू जायच्या पंधरा-वीस दिवस आधी टोळीबरोबर फडावर गेली होती. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, ताई, मावशीनं मला वही देऊन धाडलंय, कुणाला सांगू म्हणून थांबले होते. मग वाचायला लागली. कोपी पहिली, दोन लेकरं, एकाला तीन आठवडे. पाणी कॅनॉलचं. कोपी दुसरी, एक लेकरू. पाणी कॅनॉलचं. पलीकडच्या टोळीला कारखान्याची बोअर आहे, तिथं कुणाला नाही. ती वाचत गेली, मी लिहीत गेले. मध्ये एकदा तिनं विचारलं, आवाज येतोय ना ताई? मी म्हटलं, येतोय, वाच.

तीन आठवडे जुलाब असलेल्या पोराला जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. ते आता खातंय. पाणी उकळायचं सारिका सगळ्या कोप्यांतून सांगत फिरते. दर रविवारी तिचा फोन येतो.

आणि दर सोमवारी मी अहवाल भरते. रुग्णाच्या पत्त्यापुढं लिहिते, बोरदरा, सध्या ऊसतोडीला. संगणक तो पत्ता घेत नाही. ओळ लाल होते आणि परत येते. दोन सोमवार झाले, ओळी परत येतात. मी त्या कागदावर हातानं लिहिते, खाली माझी सही करते, केंद्राचा शिक्का मारते आणि टपालानं पाठवते. मग संगणकावर पुन्हा भरते. तो पुन्हा लाल करतो. मी पुन्हा पाठवते.